मगर हलली नाही

आमच्या घरातलं सामान बांधायला आईने सुरुवात केली ती भांड्यांपासून नाही, कुरडयांच्या डब्यापासून. मे महिना होता, वर्षभराचे पापड आणि कुरडया नुकत्याच गच्चीवर वाळून डब्यात गेल्या होत्या, आणि नानांच्या बदलीचा कागद आला तेव्हा तिला पहिली काळजी पडली ती त्या डब्याची. "ट्रक खड्ड्यांतून जाणार, पोचेपर्यंत माझ्या कुरडयांचा भुगा होणार," असं ती दिवसातून चारदा तरी म्हणे आणि डब्यात आणखी एक जुनं लुगडं कोंबे. नाशिकच्या रविवार कारंज्याजवळच्या आमच्या दोन खोल्यांत त्या आठवड्यात चालायला जागा नव्हती. गोणपाट शिवायच्या दाभणाचा करकर आवाज, रद्दीच्या कागदात पेले गुंडाळतानाची खसखस, आणि त्या सगळ्यावर खालच्या पिठाच्या गिरणीची घरघर. गिरणीमुळे आमच्या घरातल्या प्रत्येक वस्तूवर पांढरी पूड बसलेली असे. पुढे कित्येक वर्षं नानांच्या कोटाचा खिसा उलटा केला की त्यातून नाशिकचं पीठ निघतं असं आई म्हणायची. ते खरं होतं की नाही देव जाणे, पण ती म्हणायची.

वडिलांना आम्ही नाना म्हणायचो. ते पाटबंधारे खात्यात ट्रेसर होते. साहेबांनी काढलेले धरणांचे नकाशे पारदर्शक कापडी कागदावर काळ्या शाईने उतरवून घ्यायचे, हे त्यांचं काम. हात इतका सरळ की आई पोळी लाटताना ती वाकडी झाली की म्हणे, "तुमच्या नानांना लाटायला द्या." त्यांची बदली मराठवाड्यात, एका नव्या धरणाच्या वसाहतीत झाली होती. तिथं पत्र्याच्या खोल्या, पाण्याची टाकी, एक दवाखाना आणि सातवीपर्यंतची शाळा होती. धाकटी बेबी नऊ वर्षांची होती आणि अरुण चारचा, त्या दोघांना ती शाळा पुरेशी होती. मी दहावी पास होऊन अकरावीत जाणार होते, आणि तेव्हा अकरावी म्हणजे मॅट्रिक. तेव्हा ठरलं की मी नाशिकलाच, गंगापूर रोडला आत्याकडे राहायचं.

ठरलं म्हणजे काय, नानांनी एका संध्याकाळी मला जवळ बसवून विचारलं, आणि मी हो म्हटलं. माझ्याबद्दल सगळे एकच शब्द वापरायचे, समजूतदार. शैला समजूतदार आहे. पाहुणे आले की बेबी गाणं म्हणायची, अरुण लाडू मागायचा, आणि मी समजूतदार असायचे. आज एकाहत्तराव्या वर्षी सांगते, कुणा मुलीला हा शब्द चिकटवू नये. एकदा चिकटला की तिला रडायची सोय राहत नाही. मी हो म्हटलं तेव्हा नानांनी माझ्या पाठीवर हात ठेवला, आई आत जाऊन उगीचच डबे वाजवायला लागली, आणि मला कळलं की आता मी नाही म्हटलं तर सगळ्यांची पंचाईत होईल.

पण मला राहायचं नव्हतं. आत्या वाईट नव्हती, तिचं घर आमच्यापेक्षा मोठं होतं, अभ्यासाला वेगळं टेबल मिळणार होतं. तरी रात्री अंथरुणावर पडलं की वाटे, हे सगळे एका ट्रकमध्ये बसून जाणार आणि मी खाली गिरणीपाशी उभी राहून हात हलवणार. शेवटचे आठ दिवस मी मनाशी एकच घोकत होते की नानांना सांगायचं, मला इथं ठेवू नका. घरात सांगणं जमेना, कारण घरात सारखं कुणी ना कुणी शेजारचं येऊन बसलेलं. म्हणून मी मुदत घातली ती रविवारची. रविवारी आम्ही शेवटचं पिंजऱ्यांच्या बागेत जाणार होतो, आणि सोमवारी पहाटे ट्रक येणार होता. बागेतून परतायच्या आत बोलायचं, नाहीतर कायमचं गप्प बसायचं.

पिंजऱ्यांची बाग हे तिचं खरं नाव नव्हे. गंगापूर रोडच्या पुढे, जिथं तेव्हा वस्ती संपून पेरूच्या आणि द्राक्षांच्या बागा लागत, तिथं एका शेठची मोठी वाडी होती. शेठला जनावरांचा नाद. कुठून कुठून आणून त्याने दहा-बारा पिंजरे भरले होते आणि रविवारी लोकांसाठी फाटक उघडं ठेवायचा. मुंबईची बाग पाहिलेले लोक तिला हसायचे. आम्ही मुंबईची पाहिली नव्हती, त्यामुळे आम्हाला ती पुरेशी होती. दर रविवारी नाही, पण महिन्यातून दोनदा तरी आम्ही सिटी बसने गंगापूर रोडला उतरून पुढे धुळीच्या रस्त्याने चालत तिथं जायचो. अरुण नानांच्या खांद्यावर, बेबी सगळ्यांच्या पुढे पळत, आणि डब्याची पिशवी माझ्याकडे.

आमच्या घरात प्रत्येकाने आपापलं जनावर वाटून घेतलं होतं. आईचं अस्वल. ते कुणा दरवेशाकडून शेठने सोडवून आणलेलं, नाकाला वेसणीचं भोक तसंच राहिलेलं. आई म्हणे, "नाक टोचलंय, म्हणजे बाईमाणूसच," आणि घरून त्याच्यासाठी बाजरीची एक भाकरी वेगळी, जाड थापून आणायची. पिशवीतला डबा वाजला की ते अस्वल गजांशी येऊन उभं राही आणि आई त्याच्याशी कळवणच्या, तिच्या माहेरच्या बोलीत बोले, जी ती आमच्याशी सहसा बोलत नसे. अरुणची माकडं. नानांचं साळिंदर, जे आम्ही कधी म्हणजे कधी पाहिलं नाही, कारण ते दिवसभर आपल्या ढोलीत झोपलेलं असायचं. नाना त्या रिकाम्या पिंजऱ्यापुढे भक्तिभावाने उभे राहत. "आमच्या साहेबांसारखं आहे, आत आहेत एवढंच कळतं," असं ते म्हणायचे, आणि दर वेळी स्वतःच हसायचे.

बेबीची मगर. बागेच्या टोकाला कठडा घातलेलं सिमेंटचं टाकं होतं, त्यात कमरेएवढं हिरवं पाणी आणि मधे एक ओटा. त्या ओट्यावर मगर पडलेली असे. मी जे सांगते आहे त्यात तिळमात्र वाढवून सांगत नाही, आम्ही चार वर्षं तिथं गेलो आणि चार वर्षांत आमच्यापैकी कुणीही तिला हलताना पाहिलं नाही. तोंड नाही, शेपूट नाही, डोळ्याची पापणीसुद्धा नाही. नानांचं ठाम मत होतं की ती सिमेंटचीच आहे, शेठने टाकं बांधल्यावर उरलेल्या मालात करून घेतली. बेबीला या बोलण्याचा भयंकर राग येई. बागेचा राखणदार सोमाबाबा, पेठ तालुक्याकडचा, डोक्याला गुंडाळलेला टॉवेल कधी न सोडणारा, तो तिच्या बाजूने साक्ष द्यायचा.

"जित्ती हाय ती," तो म्हणे. "मंगळवारी या, मंग दावतो. मासळी टाकली का कशी झडप घालती. लय चपळ हाय."

"मंगळवारी बाग बंद असते ना?" नाना विचारत.

"बंदच आस्ती. म्हून तर मंगळवारी खाती."

"म्हणजे पुरावा मंगळवारी आणि कोर्ट रविवारी," नाना म्हणत, आणि बेबी त्यांच्या हाताला चिमटा काढून परत कठड्याशी जाऊन उभी राही. दोन दोन तास ती तिथं उभी असायची. आई पिंजऱ्यावरून पिंजऱ्यावर, अरुण माकडांना तोंडं वेडावत, आणि बेबी मगरीकडे टक लावून. आपण डोळे मिटले तेवढ्यात ती हलेल म्हणून ती डोळेसुद्धा एकेक करून मिटायची.

माझं जनावर कुठलं हे कुणी विचारलं नाही, आणि मीही कधी ठरवलं नाही. मी सतरंजी कुठं टाकायची ती सावली शोधायची, अरुण हरवला की त्याला शोधायची. तेव्हा त्याचं काही वाटलं नव्हतं. आता लिहिताना वाटतं आहे.

त्या शेवटच्या रविवारी आई पहाटेपासून घाईत होती. सोमवारी अमावस्या लागत होती आणि अमावस्येला घर सोडायचं तिच्या जिवावर आलं होतं. ट्रकवाल्याला अमावस्या समजावणं शक्य नव्हतं. मग तिने प्रस्थान ठेवलं. आमच्याकडे असं असतं, की निघायचा दिवस बरा नसेल तर आदल्या चांगल्या दिवशी सुपारी, हळकुंड आणि मूठभर तांदूळ फडक्यात बांधून शेजाऱ्याच्या घरी नेऊन ठेवायचे, म्हणजे तेव्हाच निघाल्यासारखं होतं. दुसऱ्या दिवशी जाताना नुसती ती पुरचुंडी उचलायची. आईने रविवारी सकाळी ती गिरणीवाल्या काकूंकडे ठेवली आणि म्हणाली, "झालं, आपण आता प्रवासाला लागलो." नाना म्हणाले, "मग रात्री परत इथं झोपायला यायचं ते पाहुणे म्हणून का?" आई डबा भरायला वळली. मला मात्र तिचं ते वाक्य लागलं. आपण लागलो म्हणजे कोण कोण लागलो, हे विचारायचं फार मनात आलं आणि मी पाण्याची बाटली भरायला गेले.

बागेत ऊन रणरणत होतं. फाटकाशीच सोमाबाबा भेटला. त्याला बदलीचं ठाऊक होतं, त्याने घरून, पेठच्या डोंगरातून पळसाच्या पानांत बांधून करवंदं आणली होती. "पोरांना खाया," म्हणून त्याने ती आईच्या हातात दिली आणि मग काय बोलावं ते न कळून झाडू घेऊन चालता झाला. आम्ही नेहमीच्या क्रमाने फिरलो. आईने अस्वलाला दोन भाकऱ्या आणल्या होत्या. पहिली त्याने नेहमीसारखी खाल्ली आणि दुसरी दोन्ही पंजांत धरून बसून राहिलं. "खा की गं," आई म्हणाली, "परत कुणी आणणार नाही." असं म्हणून तिने माझ्याकडे पाहिलं, आणि लगेच म्हणाली, "शैला आणील. शैला आहे की इथं."

त्या दिवशी हे वाक्य मी किती वेळा ऐकलं. अरुणने माकडांना सांगितलं, ताई येईल तुमच्याकडे. नाना साळिंदराच्या ढोलीपुढे उभे राहून म्हणाले, "शैला, कधी बाहेर आलंच तर माझा नमस्कार सांग." सगळे निरोप घेत होते आणि आपापलं जनावर माझ्या स्वाधीन करत होते. मला तर निरोप घ्यायचं काही कारणच नव्हतं, पुढच्या रविवारी आत्याच्या घरातून वीस मिनिटं चालत आलं की बाग होतीच. कुणाला वाटलं असेल की मुलीचं बरं आहे, तिची बाग तिच्यापाशी राहते आहे. मला बागेचं काय करायचं होतं? मी त्यांच्याबरोबर होते म्हणून तिथं येत होते. जाता जाता दोनदा मी नानांच्या बाजूला जाऊन चालायला लागले, तोंड उघडलं, आणि विचारलं काय, तर बस किती वाजता आहे.

दुपारी जांभळाच्या झाडाखाली सतरंजी टाकली. भाकरी, शेंगदाण्याची चटणी, कांदा आणि सोमाबाबाची करवंदं. बेबी जेवायला आलीच नाही. "आज ती हलेपर्यंत मी इथून हलणार नाही," असं तिने कठड्यावरून ओरडून सांगितलं. टाकं आमच्यापासून वीस-पंचवीस पावलांवर होतं, तिची पाठ आणि दोन वेण्या दिसत होत्या. नाना म्हणाले, राहू दे, भूक लागली की येईल. पिशवी आवरताना आईच्या हाताला कल्हई केलेला पितळेचा छोटा डबा लागला आणि तिने कपाळाला हात लावला. "दही राहिलं की."

ते शेवटच्या रतिबाच्या दुधाचं दही होतं. शनिवारपासून गवळी बंद केला होता. निघणाऱ्या माणसाच्या हातावर दही घालायचं, त्याने ते चाटून मग उंबरा ओलांडायचा, म्हणजे गेलेलं माणूस सुखरूप परत येतं, हे आईने कधी चुकवलं नव्हतं. नाना नुसते एका दिवसाच्या कामाला गेले तरी ती दही घेऊन दारात उभी असे. पण सकाळी प्रस्थान ठेवल्यावर घालायचं ते बस चुकेल या गडबडीत विसरलं होतं, आणि डबा तसाच पिशवीतून आला होता. "इथंच घालते," ती म्हणाली. "बागेतूनच निघालो असं धरू." नाना म्हणाले, "अस्वलालाही दे मग." तरी त्यांनी हात पुढे केला.

आमच्या घरात दही घालायचा क्रम ठरलेला होता. नाना, मग मी, मग बेबी, मग अरुण. आईने नानांच्या हातावर चमचा रिता केला. मी त्यांच्या शेजारी बसले होते. मी हात पुढे केला नव्हता, माझा हात मांडीवर नुसता उघडा पडलेला होता. आईचं लक्ष डब्यात होतं. तिने सवयीने वळून दुसरा चमचा माझ्या तळहातावर घातला, आणि तिसरा भरायला लागली. मग ती थांबली.

चमचा हातात धरून आई माझ्या हाताकडे बघत राहिली. दही गार होतं, जरा आंबट झालं होतं, त्याचं पाणी माझ्या बोटांमधून गळून सतरंजीवर पडत होतं. "अगं बाई," आई अगदी हळू म्हणाली, "तुला कशाला घातलं मी." आणि तिने पदराने ते पुसायला हात पुढे केला, मग तोही मागे घेतला, कारण हातावर घातलेलं दही कुणी पुसून घेत नाही. मी ते तोंडालाही लावू शकत नव्हते आणि टाकूही शकत नव्हते. हात तसाच धरून मी नानांना म्हटलं, "मला इथं राहायचं नाही. मला तुमच्याबरोबर यायचंय."

एकदा बोलल्यावर मग सगळं आलं. आठ दिवस घोकलेलं होतं त्यातलं एकही वाक्य आलं नाही, भलतंच आलं. की मी घरचं सगळं काम करीन, की मी एकटी वाचून मॅट्रिकला बसेन, की माझ्यावाचून अरुण जेवत नाही, की मी समजूतदार नाही, तुम्ही उगीच म्हणता. मी मोठ्याने रडत होते. शेजारच्या सतरंजीवरचे लोक वळून बघायला लागले. अरुण घाबरून आईच्या पाठीशी गेला. आई म्हणाली, "नेऊ या ना हिला. एक वर्ष उशिरा बसेल." ती नानांना कुणासमोर असं कधी बोलत नसे.

नानांच्या हातावरचं दही अजून तसंच होतं. ते त्यांनी चाटलं, हात धोतराला पुसला, आणि म्हणाले, "शैला, तुला ठेवून जायची मला हौस नाही. या आठ दिवसांत मी दोनदा साहेबांकडे जाऊन आलो, बदली रद्द होते का बघायला. नाही झाली. तिथं तुला शिकवायला कुणी नाही. एक वर्ष मागे पडलीस की पुढच्या वर्षी कुणीतरी म्हणेल, आता कशाला, स्थळं बघा. मी नाही म्हणेन, पण मीसुद्धा थकेन. मला माझीच खात्री नाही." मग म्हणाले, "तुला नेलं तर मला फार बरं वाटेल. म्हणून नेत नाही."

मी त्यांच्याकडे पाहिलं तर त्यांचे डोळे भरले होते. नानांना मी त्याआधी तसं पाहिलं नव्हतं. त्यांच्या मनात साहेबांकडे जाऊन विनवण्या करायचं आलं होतं, आणि ते गेलेही होते, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. आई म्हणाली, "खा ते. हातावर पडलंय तर खा. तुझंही काही वाईट व्हायचं नाही." मी ते दही खाल्लं. डोळ्यांतलं पाणी आणि दही, दोन्ही एकदमच तोंडात गेलं. आजही दही खारट लागलं की मला ती सतरंजी आठवते.

तेवढ्यात बेबी आली. तिने आमच्या सगळ्यांच्या तोंडाकडे एकेक करून पाहिलं आणि काही विचारलं नाही. आईने तिच्या हातावर दही घातलं, ते तिने मुकाट्याने चाटलं. एरवी तिला बागेतून ओढून न्यावं लागे, त्या दिवशी ती स्वतःहून चपला घालून उभी राहिली. बसच्या थांब्याकडे चालताना तिने माझा हात धरला. "ताई, तू दर रविवारी बघायला जा," ती म्हणाली. "हलली की मला पत्र टाक." चार पावलं गेल्यावर परत म्हणाली, "नाही हलली तरी टाक."

ट्रक सोमवारी पहाटे गेला. मी गिरणीपाशी उभी राहून हात हलवला, अगदी जसं मनाशी पाहिलं होतं तसं. पुढच्या रविवारी आत्या म्हणाली, "आज घरीच बस, ऊन आहे," पण मी भाकरी थापून घेऊन बागेत गेले. अस्वलाने माझ्या हातची भाकरी आधी हुंगली आणि बराच वेळ माझ्याकडे बघून मग खाल्ली. साळिंदर ढोलीत होतं. मगर ओट्यावर होती. संध्याकाळी मी पोस्टकार्ड लिहिलं. "ती. नाना व आईस शि. सा. न. मी खुशाल आहे. अभ्यास चालू आहे. अस्वलाने भाकरी खाल्ली. बेबीस सांगणे की मगर हलली नाही." आठ-दहा दिवसांनी उत्तर आलं. वरच्या अर्ध्यात नानांचं मोत्यांसारखं अक्षर, खाली आईच्या दोन ओळी, जेवत जा, केसांना तेल लाव, आणि अगदी तळाशी, पत्त्याच्या रेघेवर चढलेलं बेबीचं वेडंवाकडं, "तिला सांग मी विचारलं आहे. पुढच्या रविवारी परत बघ."

असं वर्षभर चाललं. आत्या म्हणायची, एवढी मोठी मुलगी आणि मगरीची पत्रं लिहिते. पण पोस्टमन आला की तीच आधी फाटकापाशी जायची.

थंडीत एका रविवारी मी कठड्याशी उभी होते. उन्हाला आलेली मगर ओट्यावर नेहमीसारखी पडलेली. आणि तिने तोंड उघडलं. सावकाश, एखादं जड झाकण उचलावं तसं, आणि ते तसंच उघडं ठेवलं. आतलं सगळं पिवळट दिसत होतं. मी एकदम "बेबी" म्हणून बाजूला वळले. बाजूला कुणी नव्हतं. सोमाबाबा लांब झाडाखाली तंबाखू मळत होता. त्याला सांगितलं तर तो म्हणाला, "मंग? येवढी वर्सं मी काय सांगत व्हतो?" आणि पुन्हा तंबाखूकडे वळला.

त्या संध्याकाळी पोस्टकार्ड समोर घेऊन मी खूप वेळ बसले. हलली असं लिहिलं असतं तर बेबी तिथं पत्र्याच्या खोलीत नाचली असती. पण मग पुढच्या रविवारी तिने काय विचारलं असतं? रेघेवर चढलेलं ते अक्षर कशासाठी आलं असतं? मी लिहिलं, मगर हलली नाही. मी आयुष्यात जी काही खोटी वाक्यं लिहिली असतील त्यांत मला याचा पश्चात्ताप नाही.

मॅट्रिक झाले, पुढे शिकले, नाशिकलाच शाळेत लागले आणि निवृत्तही झाले. नानांचं बरोबर होतं, आणि हे मी त्यांना त्यांच्या हयातीत सांगितलं, त्यामुळे त्याची चुटपुट नाही. ज्यांच्या हातावर आईने मुद्दाम दही घातलं ते नाशिकला परत राहायला कधी आले नाहीत. धरणामागून धरण करत नाना तिकडेच राहिले, घर तिकडेच झालं. चुकून जिच्या हातावर पडलं ती मी मात्र इथून कुठं गेलेच नाही. शेठ गेल्यावर पिंजरे रिकामे झाले. आता त्या जागी लॉन्स आहे, लग्नं लागतात. गेल्या महिन्यात तिथं एका लग्नाला गेले होते. जेवणाच्या टेबलांची रांग होती तिथंच कुठंतरी ते टाकं असणार. जिलेबीचं ताट हातात घेऊन मी तिथं उभी राहिले आणि घरी आल्यावर बेबीला फोन लावला. बेबी आता पासष्टीची आहे, तिला नातवंडं आहेत, पण आम्हाला ती बेबीच.

"तुला एक सांगायचं राहिलंय," मी म्हटलं. "ती मगर हलली होती. त्याच वर्षी, थंडीत. मी तुला खोटं लिहिलं."

ती म्हणाली, "माझ्यानंतर मग."

"म्हणजे?"

"मी त्याच दिवशी पाहिली. निघायच्या आदल्या दिवशी. तू हातात दही घेऊन रडत होतीस ना, तेव्हा. मी सांगायला म्हणून वळले, तर तुम्ही सगळे तसे बसलेले. नानांकडे पाहिलं आणि गप्प राहिले."

"मग नंतर का नाही सांगितलंस?"

"नंतर वाटलं, हलली असं कळलं तर तू रविवारी बागेत कशाला जाशील? आणि मला पत्र कशाला टाकशील?"

मी विचारलं, "किती हलली होती?"

"नुसती शेपूट. एवढीशी. तुझ्या वेळी?"

"तोंड उघडलं होतं. सगळे दात दिसले."

"सगळे?"

"सगळे."

"आणि मी तिथं नव्हते," बेबी म्हणाली, आणि ती फोनवर रडायला लागली. मी तिची समजूत घातली नाही. मीही रडत बसले.